चार टाळ्यांचं क्रियापद

टोलेडो, ओहायो. मंगळवारी दहाला
सेफेरिनो ट्रेविन्यो येतात चाकाच्या खुर्चीतून,
उजवा हात मांडीवर, कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.
मी तळवे पुढे धरते. ते डाव्याने टाळी देतात,
एका अक्षराला एक.

आजचा शब्द मुलीने लिहून दिलाय: पिस्काबामोस.
आम्ही तोडायचो.
टोमॅटो, काकड्या, टेक्सासहून ट्रकमधून येऊन,
मे महिन्यापासून दहिवर पडेपर्यंत.

पिस्. का. बा. मोस.

कागदावर मी तो वेगळा फोडते:
पिस्क म्हणजे तोडणं, आ नुसता सांधा,
बा म्हणजे सरलं, पण रोज घडून घडून सरलं,
आणि मोस म्हणजे माणसं, बोलणारा धरून.
जिभेला हे ठाऊक नाही. ती धातूच मधोमध चिरते,
स् अलीकडे, क पलीकडे.
आमच्या लिपीत स्क एकमेकांना चिकटून असतात;
दाणी सर म्हणायचे, जोडाक्षराचा भार
मागच्या अक्षराने वाहायचा.
गण पाडताना मी कायम चुकायचे.

पिस्. का.
मोस.

पुन्हा. पिस्, का, मोस.
तीन टाळ्या. चौथीसाठी माझे तळवे उघडेच.

एकटं बा मागितलं तर देतात,
ओठ मिटून, नीट, लहान मुलासारखं.
शब्दात घातलं की गळतं.
फॉर्मवर त्याला रकाना आहे: अक्षरलोप.

पण बा गळूनही शब्द उभाच राहतो.
पिस्कामोस: आम्ही तोडतो.
आम्ही तोडले, याचंही रूप तेच, कानामात्रेचा फरक नाही.
ओब्दुलिया जाऊन सात वर्षं झाली,
मुलगी दारात हळूच सांगते, जणू चूक तिचीच.
त्या मोसमध्ये ती अजून सरीत वाकलेली,
बादली अर्धी भरलेली.

बाहेर पार्किंगच्या कडेला
रिसेप्शनवरच्या कुणीतरी कुंडीत टोमॅटो लावलाय.
एकच पिकलाय.
सेफेरिनो तिकडे बोट करतात, भुवया उंचावतात:
पिस्कामोस?

मराठीत त्यांना आधी ठरवावं लागलं असतं,
आम्ही की आपण,
मला धरून की वगळून.
मोसला तसलं कुंपण नाही.

रकाना कोरा ठेवून
मी खुर्चीचा ब्रेक सोडते.