पंधरा सुया

काओलाकच्या बाजारात, मिठाच्या गोण्यांना लागून
माझं दुकान.
त्यात एक पाते, एक पायमशीन,
नुसती मान हलवणारा पंखा
आणि तबास्कीच्या सणाआधीचे चाळीस दिवस,
ज्यांत अख्ख्या गावाला नवा बूबू हवा असतो,
गळ्यावर भरलेला, कालच्या तारखेला.

बिरामने पत्रकं आणली.
एका डोक्याचं मशीन, पंधरा सुया.
दोन डोक्यांचं, प्रत्येकी बारा.
मी म्हटलं, माझ्याकडे एकच डोकं आहे
आणि ते हिशेबात अडकलंय.

मिनिटाला हजार टाके, बिराम म्हणाला.
पातेने चष्म्यावरून पाहिलं.
"आणि वीज गेली की?"
"लक्षात ठेवतं. थांबलं त्या टाक्यापासून पुढे."
"मीही," पाते म्हणाला, आणि दोरा तोडला.

रात्री वहीत दोन रकाने ओढले.
भिशीचा माझा नंबर जूनमध्ये,
कोदूने तिचा मेचा मला दिला, वर टोमणाही दिला.
दोन डोकी म्हणजे एका वेळी दोन गळे,
दोन गळे म्हणजे बिलांच्या आधी पैसे.
नवं घ्यावं तर अंगावर कर्ज, जुनं घ्यावं तर मनात शंका.
दोन्ही रकान्यांची बेरीज पहाटेपर्यंत
वेगवेगळी येत राहिली.

दाकारला निघाले तेव्हा पातेने
एक पांढरा दोरा हातात दिला, टोकाला गाठ.
"याच्यापेक्षा मोठं घेऊ नकोस."
मला वाटलं, फ्रेमचं माप. पुरुषाच्या छातीवरचं काम.
म्हातारा आपला धंदा जाणतो.

बंदराजवळच्या गोदामात
मी माझं कापड पिशवीतून काढलं:
कुटून चकाकी आणलेलं बाझें, पापडासारखं कडक.
विकणाऱ्याचं मऊ फडकं बाजूला सारलं.
मऊ फडक्यावर कुणीही गोड बोलतं.
दोन डोक्यांच्या मशीनने तीनदा दोरा तोडला,
चौथ्यांदा शहाण्यासारखं चाललं.
फ्रेमवर पातेचा दोरा धरला.
विकणारा हसला. "एवढी फ्रेम? गालिचे विणता का?"

कोपऱ्यात एक जुनं, इटलीत मिटलेल्या कारखान्यातलं,
एका डोक्याचं. वीज जोडली
तर त्याने कुणाला न विचारता
आठवणीत राहिलेलं शेवटचं काम भरलं:
निळं बदक, खाली नाव. बेनेदेत्ता.
"पुसून टाकतो," विकणारा म्हणाला.
मी तो तुकडा कापून बटव्यात ठेवला.
का, ते त्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तरी मन दोन डोक्यांतच होतं.
बयाणा मोजता मोजता पातेला फोन लावला:
तुझ्या मापाची फ्रेम जगात नाही रे बाबा.
पलीकडे पायमशीन थांबलं.
"फ्रेम? तो दोरा दाराचा आहे, द्येनाबा.
आत कसं नेणार होतीस,
घडी घालून?"

नोटा पुन्हा मोजल्या. या वेळी हळू.

गुरुवारी आलं. पाय सोडवले, आडवं धरलं,
चार हमालांनी चार देवदूतांची नावं घेतली,
दोन बोटं जागा उरली.
पातेने पंधराही सुया ओवल्या,
प्रत्येक दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करून,
जणू यंत्रालाही उष्टं चालतं.
पहिला गळा साठ मिनिटांत झाला.
प्रत्येक वळण दुसऱ्या वळणासारखं.
त्याने बोट फिरवलं, काही म्हणाला नाही,
उलटी बाजू पाहिली, मग मात्र मान डोलावली.

दोघं मात्र आत मावेनात.
पायमशीन उंबऱ्याबाहेर काढलं,
मिठाच्या गोण्यांच्या सावलीत.
"उजेड बरा आहे इथे," पाते म्हणाला.
धूळ किती येते,
ते मी विचारलं नाही.