ऐंशी-डी, वारजे

जुलैची एकोणतीस तारीख. खडकवासल्यातून पाणी सोडलंय,
भिडे पूल बंद, आणि माझ्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात
छत्र्या टेकवायला कोपरा उरलेला नाही.
खाली झेरॉक्सचं मशीन खाकरतंय.

देशमाने मास्तर मंडळाच्या वर्गणीची पावती घेऊन आलेत.
"यावर काही सूट?"
"बाप्पाचा पॅन नंबर नाही, मास्तर."
पावतीची घडी परत खिशात.
पुढच्या जुलैत पुन्हा विचारतील.

मग निर्मला ताकवले. माळवाडीच्या लॅबमध्ये रक्त घेतात लोकांचं.
पिशवीत पिशवी, तिच्यात फॉर्म सोळा,
त्याच्या पोटात मेडिक्लेमची पावती:
एकतीस हजार चारशे साठ. विमा यमुनाबाई ताकवले यांचा, वय एकाहत्तर.
मधुमेह, आधीपासूनचा.
डावा गुडघा, प्रतीक्षा कालावधीत.

"या कोण आपल्या?"
"सासूबाई."
बोट कीबोर्डवरच थांबतं.
हे वाक्य मी दर सीझनला कुणाला तरी ऐकवतो
तरी जिभेला त्याची सवय होत नाही.
"सासू चालत नाही, मॅडम."

"नाहीच चालत," त्या म्हणतात. "गुडघ्यामुळे."

मी हसत नाही. त्याही नाही.
मग सांगतो: कायद्याला स्वतःचे आईवडील लागतात.
मुलानं हप्ता भरला असता तर त्याला मिळाली असती सूट.
"मुलानं," म्हणतात, आणि पिशवीतली पिशवी नीट करत बसतात.
"बंगळूरला असतो. पाच वर्षं झाली.
दिवाळीला मेसेज टाकतो. दोघींना मिळून एक."

"तुमच्या आई?"
"गेली. मी नर्सिंगला होते तेव्हाच."
"मग तो रकाना रिकामाच राहील."
"रिकामा आहे ना? मग बसवा की यांना तिथं.
किती जागा लागते त्यांना?
कॉटवर सुद्धा भिंतीकडेच सरकून झोपतात."

मागे रांगेत कुणीतरी घड्याळ बघतं.
मी दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडतो, जुन्या आणि नव्या.
स्क्रीनवर आकडे जरा वेळ गरगरतात.
"नव्यात तुमचा कर बराच कमी बसतोय.
पण त्यात ऐंशी-डी नाहीच. कुणालाच नाही."
"म्हणजे स्वतःची आईसुद्धा चालत नाही?"
"नाही."
"बरं झालं," ताकवलेबाई म्हणतात. "नवं करा."

फक्त ओटीपी उरला.
आधारला जोडलेला नंबर जुन्या फोनचा, तो घरी,
यमुनाबाईंच्या उशाशी. लॅबच्या फोनवरून लावला, स्पीकरवर.

"आई, एक मेसेज आला असेल, सहा आकडे. वाचा."
"कोण बोलतंय?"
"मी."
"मी कोण? बँकेतल्या मुलीनं बजावलंय,
आकडे कुणाला सांगायचे नाहीत."
"अहो, मी निर्मला."
"कशावरून?"

अख्खं ऑफिस ऐकतंय. देशमाने मास्तर तर
जिन्यावरून अर्धे परत आलेत.
बाई फोन तोंडाजवळ घेतात.
"तुमच्या चहात साखर घालत नाही, ती."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज. चष्मा शोधल्याचा.
"हां. मग असं सांगावं ना.
घे लिहून. चार. शून्य. सात...
थांब, हा सात आहे का एक, मला मेलीला कळत नाही."

"असू द्या, आई," त्या म्हणतात.
"सावकाश."

मी टाइप करायला बोटं धरून बसलोय.
साडेसहा वाजत आलेत. ओटीपीची मुदत पंधरा मिनिटं.