सात सेकंद

वाशीच्या धारण तलावावर, फ्लॅपगेटपाशी
सेन्सर बसवलाय.
दर दोन सेकंदांनी पाण्याची उंची
महापेच्या सर्व्हरला कळवतो.
सात सेकंदांहून शिळा आकडा
टाकून द्यायचा:
नियम माझाच.

काल अवसेचं उधाण.
नेटवर्क गेलं ते दोन तास.
आलं तेव्हा छत्तीसशे नोंदी
एकदम दारात उभ्या,
गुडघाभर चिखलात आल्यासारख्या,
सगळ्या खऱ्या,
आणि पाणी केव्हाच उतरलेलं.
प्रोग्रॅमनं एकीलाही
आत घेतलं नाही.

सकाळी गेटवर हसुराम तांडेल.
त्यांच्या वहीत पेन्सिलनं:
पानी आयलं. चिंबोऱ्या भितीवर. गेलं.

वेळेचा रकाना कोरा.
किती वाजता, मी विचारलं.
‘उधानाला,’ म्हणाले,
आणि साखळीला ग्रीस
लावत राहिले.