पुलाखालची मेथी

शिवाजी पुलावर मी, आणि माझा छोटा हत्ती.
पाठीवर चिखलीची मेथी, चारशे पेंड्या,
वर भिजवलेलं पोतं.
पुढं उसाची ट्रॉली, तिच्यापुढं टँकर,
टँकरपुढं काय आहे ते देवाला ठाऊक.
इंजिन चालू, चाक बंद.
डिझेल नुसतं उभ्या उभ्या पितोय गडी.

मेथीचं माणसासारखंच असतं,
ताटकळत ठेवली की मान टाकते.

तेवढ्यात कठड्याखालून
शिदू आंबीची नाव गेली.
आवाज असा नाहीच. बॅटरीवरची मोटर,
मांजर दूध पितं तेवढीच कुरकुर.
नावेत क्रेट, क्रेटात तीच मेथी,
माझ्या शेजारच्या वाफ्यातली.
शिदूनं वर बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

फाल्गुनात म्हणाला होता, "माल नदीत टाक, भावा."
मी म्हणालो, "टाकतो की, विसर्जनाला."
सगळा कट्टा हसला होता.

पुराच्या साली मात्र
गुळाच्या काईलीत बसून
आंबेवाडीचं दूध ह्याच पाण्यानं आणलं आम्ही.
हातात वल्हं नव्हतं, पत्र्याचा तुकडा होता.
तेव्हा कुणी म्हणालं नाही, नदी हळू चालते.
पाणी उतरलं,
आणि आम्ही पुन्हा पुलावर येऊन उभे राहिलो.

आता माझी फेरी घाट ते गंगावेस.
चढ संपेस्तोवर गिअर बदलतो,
बदलून झाला की बाजार येतो.
डिझेलची पावती खिशात मावते.
भाडंही मावतं, ते खोटं कशाला सांगू.
म्हणून दुपारी शिदूचे क्रेट मोजतो,
मोजणावळ घेतो,
आणि केंदाळ आलं की दोघं मिळून
बांबूनं ढकलतो, शिव्या देत.

परवा बंधाऱ्याचे बरगे काढले.
पाणी रातोरात खाली गेलं,
नाव चिखलात, क्रेट नावेत, शिदू गुडघाभर.
फोन आला: "हत्ती आण."
आणला.
पुलावर तोच टँकर. तीच ट्रॉली.
शिदू माझ्या शेजारी, पाय चिखलानं भरलेले,
पहिल्यांदाच वरून नदी बघत होता.

"हिच्यात नाव मावती व्हय रं?" म्हणाला.

मागं मेथीनं
हळूच मान टाकली.