कुठं शिंकली

"मासा म्हण. आता माशी म्हण.
जीभ कुठं हलली?"
मी दोन्ही शब्द तोंडात घोळवले.
"जराशी मागं सरली, मामा."
"बस. तेवढ्याच जागंत गळ बसवायचा."

येलदरीच्या पावर हाऊसमागं, क्वार्टरच्या ओट्यावर
सटवाजी लिंबोळे, गेट ऑपरेटर, रिटायर,
स्टुलाला ठोकलेल्या शिकंज्यात
बारीक गळ आवळून बसलेला.
धरण बांधायला आलेल्या कुण्या साहेबामागं
डबा धरून हिंडताना शिकला म्हणे.
साहेबाचं नाव विसरला,
हाताची चाल तेवढी ठेवून घेतली.
भोयाचं पोर, आणि जाळं सोडून
कोंबड्याची पिसं बांधतं,
भावकी हसली. त्यानं हसू दिली.

बाजाराच्या दिवशी जिंतूरला
तो मटणाच्या दुकानापुढं उभा राहायचा, मटण न घेता,
कोंबड्यांच्या माना बघत.
"तरणा नगं. म्हाताऱ्याचं पीस कडक.
पाण्यावर टेकतं, भिजत न्हाई."
पोटाला जळालेल्या मोटारीची तांब्याची तार,
पाठीला बोकडाच्या कानामागची लव,
डोक्यावर पोरीच्या नेलपॉलिशचा एक थेंब
आणि दोरा तोडायचा तो ब्लेडनं.
दातानं तोडलेला दिसला की दिवसभर बोलायचा नाही.

पहिल्या वर्षी मी बांधलेली प्रत्येक माशी
त्यानं माझ्याच हातानं उसवून घेतली.
"सात येढे कामून? चारात भागतंय."
मी चिडायचो. तो पाण्याकडं बघत विचारायचा,
"मग? कुठं शिंकली?"
बहुतेकदा पहिल्याच वेढ्यात शिंकलेली असायची.
वर कितीही पिसं लावा.

एकदा कार्तिकात, पाणी परातीसारखं पडलेलं,
माझी माशी टेकली
आणि खालून एक चिलापी वर आली,
नाक लावलं,
वळून गेली.
मी दोर गुंडाळायला लागलो तर मामा उठून उभा.
"आरं, इचार केला तिनं!
आजपर्यंत तुझ्या माशीचा कुणी इचार तरी केलता का?"
त्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा चहा पाजला.

गेल्या पौषात तो गेला.
गयामामीनं जर्द्याची डबी माझ्या हातात ठेवली.
आत कापसावर सत्तावीस माश्या.
सव्वीस ओळखीच्या निघाल्या.
एक काळी, पोटाला वेगळीच झाक.
पूर्णेकाठी, बत्तीच्या खाली, बाभळीच्या फुलोऱ्यात,
गोठ्यातसुद्धा शोधला,
तसा किडा मला कुठंच सापडला नाही.

मग त्यानं शिकवलं होतं तेच केलं.
उसवायला बसलो.
डोकं फोडलं. पीस निघालं. लव निघाली.
तार नव्हतीच.
तारेच्या जागी चौपदरी पिळलेला एक केस,
वेढ्याला वेढा चिकटून, एकही दुसऱ्यावर न चढलेला.
सवयीनं मोजत गेलो.
पीळ सुटला तेव्हा हातभर लांब भरला.
बाईचा.

तळहातावर घेऊन मामीकडं गेलो.
वाटेत ठरवून टाकलं होतं की ती रडेल,
आणि मी काय बोलायचं तेही.
तिनं केस उजेडात धरला, दोन्ही टोकं ताणली.
"माहा न्हाई ह्यो."
आत दूध उतू चाललं होतं. आधी ती तिकडं गेली.
पदराला हात पुसत परत आली.
"माहे केस कुरळे. जलमापासून."

मी ओट्याच्या फरशीकडं बघत राहिलो.
शिकंजा अजून तिथंच, स्टुलाला.
तिनं त्याची मूठ उगीच एकदा आवळली,
सैल केली.
"येढे किती होते?"

"अकरा, मामी."

"अकरा," ती म्हणाली.
"मला कधी चाराच्या वर
घेऊ दिले न्हाईत."