भोपळा

तीस वर्षं बँकेत लोकांच्या नोटा मोजल्या,
आता दर रविवारी देवाच्या मोजतो.
उपासना संपली की मी आणि दानिएल साळवे
मखमली पिशवी टेबलावर उलटी करतो.
दहाच्या नोटा चुरगळलेल्या, घामेजलेल्या.
पाचशेच्या नोटेची घडी मात्र अशी, की आकडा वर यावा.
तळाशी नेहमीचा कचरा: बटण, बसचं तिकीट,
दोन-चार चपट्या बिया.
फुंकर मारली की टेबल स्वच्छ.
(माझं अर्पण मी पाकिटात घालतो, वर नाव लिहून.
हिशेबाला बरं पडतं.)

रिबकाबाई रणनवरेंची मूठ पिशवीत जायची
आणि मूठच बाहेर यायची.
घोरपडीहून यायच्या, रुळांपलीकडच्या पत्र्याच्या खोलीतून.
नाणं वाजायचं नाही, नोट सळसळायची नाही.
मोजणाऱ्याला अशा गोष्टी कळतातच.
वहीत त्यांच्या नावापुढे वर्षभर
मी भोपळा मांडला.

नोव्हेंबरात हंगामाचा सण.
वेदीपाशी मार्केट यार्डातून विकत आणलेला हंगाम:
उसाची मोळी, पेरूंच्या पाट्या,
एका केकवर साखरेची कणसं.
आणि क्वार्टर गेटला बसमधून उतरून
रिबकाबाई चालत आल्या,
कडेवर मूल घ्यावं तसा भोपळा घेऊन.
छपरावर वाढलेला.
एका अंगाला पत्र्याच्या वळ्या उमटलेल्या.

मग लिलाव.
आमचा दरवर्षीचा खेळ. अंडं शंभराला,
लिंबू पन्नासला, घेतलेलं परत द्यायचं, पुन्हा बोली.
भोपळ्याला बिल्डर अमोलिक म्हणाले, पाचशे.
मी म्हणालो सहाशे, कारण ते अमोलिक होते.
दारातल्या फरशीवर त्यांचं नाव आहे, माझं नाही.
विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ना,
इथे तर भोपळाही हजर होता.
हजार. दीड. तीन.
माइकवर पाळकसाहेब घामाघूम आणि प्रसन्न.
चार हजार दोनशे एक वार, दोन वार…
टाळ्या. माझं नाव दोनदा.
परत देऊन टाकायचा असतो, हे मला आठवत होतं.
दिला नाही.

गेटपाशी रिबकाबाई जवळ आल्या.
"साहेब, एकट्यानं नाही खायचा बरं का हा.
कापला की टिकत नाही.
गेल्या साली आमच्याकडे चौदा घरांत गेला."

फातिमानगर, तिसरा मजला, दोन माणसं, एक फ्रिज.
तबिथानं भोपळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"खाली भाजीवाल्याकडे तीस रुपये किलो आहे."
सुरी आत शिरेना. वॉचमनकडून कोयता आणला.
फुटला.
त्याच्यासोबत आणखीही एक फुटला,
त्याच्याबद्दल सध्या बोलत नाही.

नऊ वर्षं या इमारतीत राहतो.
त्या संध्याकाळी फोडी घेऊन जिने उतरलो,
प्रत्येक दारावरची पाटी वाचत, कारण नावं माहीत नव्हती.
"कशाबद्दल?" दुसऱ्या मजल्यावर एकानं विचारलं.
काय सांगणार? म्हणालो, जास्त झाला.
बोहरी बाईंनी ताटली ठेवून घेतली,
"रिकामी कशी देऊ?"
तासाभरात आमच्या ओट्यावर
लोणचं, चार करंज्या, कुणाच्या तरी गावचा गूळ.
जमा-खर्च जुळेना.
असा ताळेबंद बँकेत दिला असता
तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं असतं.

रात्री तबिथानं बिया धुतल्या,
वर्तमानपत्रावर पसरून खिडकीत ठेवल्या.
"पुढच्या साली गच्चीत लावू," म्हणाली आणि झोपली.

मी दिवा मालवायला गेलो.
कागदावर चपट्या, पांढुरक्या,
एकीला ओला दोरा चिकटलेला.
ओळखीच्या वाटल्या.
सवयीनं ओठांचा चंबू झाला होता,
फुंकर मारायला वाकलोही होतो.

तसाच उभा राहिलो.