उणे एकतीस

उणे एकतीस.
खिडकीच्या आतल्या अंगालाही बर्फाची नक्षी.
आर्डिस टॉलेफसन नखाने ती खरवडते,
डोळ्याएवढं भोक पाडते
आणि मिनेसोटातल्या आपल्या परसात बघते.

बर्चच्या फांदीला दाण्यांचं घरकुल,
व्हर्लिनने केलेलं, छप्पर जरा तिरकं.
ऑक्टोबरात तो गेला. तेव्हापासून
तिने त्यात एक दाणा टाकलेला नाही.
चोच देणारा चारा देतो, हे खरं असेल;
पण चाऱ्याचं पोतं चाळीस पौंडांचं,
आणि ते गाडीतून उतरवायला
व्हर्लिन लागायचा.

पास्टर दर रविवारी फोन करतात,
पाखरांबद्दलचं ते वचन वाचून दाखवतात.
ती "हो" म्हणते. तिला ते पाठ आहे,
सातव्या वर्षापासून.
पाठ असणं आणि ऊब लागणं
यांच्यामधे एक अख्खा हिवाळा असतो.

आणि तरी, बघ, आली.
काळी टोपी, काळा गळपट्टा,
दोन नाण्यांच्या वजनाची चिकॅडी.
रात्रभर कुठल्या ढोलीत
आपला विस्तव मंद करून बसली होती, कोण जाणे.
इतक्या कमी जिवावर रात्र काढता येते
हे हिला कुणी शिकवलं?
पिसं फुगवून ती
स्वतःचंच नाव सांगते, पुन्हा पुन्हा,
जणू वर कुठेतरी हजेरी चालू आहे.

मग दुसरी. मग अजून दोन.
नोव्हेंबरात सात होत्या.
आर्डिस हिशेब सोडत नाही.
अठ्ठावीस वर्षं पोस्टात काढलीत तिने,
न पोचलेली पत्रं तिने हाताळली आहेत.

पण घरकुलात दाणे आहेत!
ती तळहात टेकवून भोक मोठं करते.
सूर्यफुलाचे, काळे, काठोकाठ.
आणि कुंपणापासून बर्चपर्यंत
लहान बुटांचे ठसे,
येताना खोल, जाताना उथळ,
मधे एकदा धपकन पडल्याची खूण.

पलीकडे सोमाली कुटुंब राहतं.
मुलाचं नाव लिबान, इतकंच तिला ठाऊक.
उन्हाळ्यात चेंडूवरून
ती त्याच्यावर खेकसली होती.

"बरं," ती म्हणते.
छताला, किंवा छताच्या वर.

मग व्हर्लिनचा कोट चढवते,
बाह्या बोटांच्या खाली लोंबतात.
बर्फाने दार अडलंय. खांदा लावते.
खिशात हातमोजे शोधताना
बोटांना लागतात
सूर्यफुलाच्या चार-दोन बिया,
ऑक्टोबरातल्या.

फांदीवर अजून चारच.
ती मोजत उभी राहते.